आधी लगीन कागदांचं: जर्मन जोडीदाराजवळ राहायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, पुण्यात नोकरी, एम.कॉम. आणि कंपनीच्या अकाउंट्स विभागातला सात वर्षांचा अनुभव. जोडीदार जर्मन नागरिक, लाइपझिगला राहतो. दोन वर्षं ये-जा चालू आहे. आता बेत असा की नोकरी सोडायची, टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे एकत्र राहून काम शोधायचं आणि जमलं तर लग्न करायचं. हा क्रम बरोबर आहे का? आणि लग्न आधी करावं की नोकरी आधी शोधावी?

क्रम उलटा आहे. टुरिस्ट व्हिसा ही पहिली पायरी समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्या बंद होतात. पण ‘लग्न की नोकरी’ हाही खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न हा की जर्मनीत राहायचा तुमचा परवाना कशाच्या आधारावर उभा राहणार? तुमच्या शिक्षण-अनुभवाच्या, की त्याच्याशी असलेल्या नात्याच्या? दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत आणि दोन्हीने लोक जातात. ज्याच्या हातात पदवी आणि अनुभव आहे त्याने शक्यतो स्वतःच्या आधारावर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं पुढे येतीलच. तुमची पदवी तिथे कशी मोजली जाते, भाषा किती येते आणि लग्न तुम्हा दोघांना आत्ता खरंच करायचंय का, या तीन गोष्टींवर उत्तर बदलू शकतं.

टुरिस्ट व्हिसाचा विषय आधी संपवू. हा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. त्यावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मोजायची पद्धत अशी: ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजा, त्यातले तिथे घालवलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. या व्हिसावर जाऊन तिथेच कामाचा परवाना करून घेणं भारतीय पासपोर्टवर सर्वसाधारणपणे होत नाही. भारतात परत येऊन राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी व्हिसा घ्यावा लागतो. जपान किंवा अमेरिकेच्या नागरिकांना तिथे पोचून अर्ज करायची सवलत आहे. इंटरनेटवरचे ‘मी तिथे जाऊनच केलं’ हे अनुभव बरेचदा त्या लोकांचे असतात. पुण्याच्या कंपनीचं काम लाइपझिगच्या स्वयंपाकघरात बसून करायचा विचार असेल तर तोही सोडा. त्या व्हिसावर काम करायची मुभा नाही, आणि ‘पगार तर पुण्यातच जमा होतो’ हा युक्तिवाद मान्य होईल असं धरून चालू नका.

मात्र शेंगेन व्हिसा एका कामाला फार चांगला आहे: एकत्र राहून बघायला. सुट्टीतले दहा दिवस आणि नोव्हेंबरमधला सलग दीड महिना यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चार-साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद, जोडीदार दिवसभर कामावर. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. अर्जात जोडीदाराला भेटायला जातेय हे खरं लिहा. ‘मैत्रिणीकडे चाललेय’ असं लिहून पुढच्या वर्षी लग्नाच्या व्हिसाला दोन वर्षांचे फोटो जोडले की जुना अर्ज काढून बघतात.

आता नात्याचा आधार. लग्नाशिवाय, नुसते जोडीदार म्हणून जर्मनी परवाना देत नाही. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये तशी सोय आहे, म्हणून ऐकीव माहितीत घोळ होतो. जर्मनीत एकतर लग्न, नाहीतर स्वतःचा वेगळा आधार. समलिंगी जोडप्यांसाठीही हेच: जर्मनीत ऑक्टोबर २०१७ पासून विवाह होतो. भारतात तो होत नाही, त्यामुळे तो जर्मनीत किंवा डेन्मार्कमध्ये करावा लागतो. एक वेगळी वाट गोवेकरांच्या ओळखीची आहे. जोडीदाराकडे जर्मन नव्हे तर पोर्तुगीज पासपोर्ट असेल आणि तो जर्मनीत राहत असेल, तर त्याला युरोपीय संघाच्या नागरिकांचे मुक्त संचाराचे नियम लागतात. ते पती-पत्नीसाठी जास्त सोपे आहेत, भाषेची अटही नाही. गंमत म्हणजे जर्मन नागरिकाच्या बायकोला जर्मन परीक्षा द्यावी लागते आणि जर्मनीत राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाच्या बायकोला नाही.

स्वतःच्या आधारावर जायचं तर पहिलं काम आजच, फुकट, घरबसल्या करता येतं. ‘ॲनाबिन’ नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या. एक, तुमचं विद्यापीठ: त्यापुढे ‘एच प्लस’ असेल तर ते मान्यताप्राप्त. दोन, तुमची पदवी: तिच्यापुढे ती जर्मन पदवीशी जुळते असा शेरा हवा. लोक फक्त विद्यापीठ बघतात, छापतात आणि थांबतात. दोन्ही छापील पानं लागतात. पदवी यादीत सापडली नाही किंवा नाव तंतोतंत जुळत नसेल, तर ‘झेडएबी’ या संस्थेकडून पदवी-तुलनेचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्याची फी २०८ युरो आहे आणि काही आठवड्यांपासून तीनेक महिन्यांपर्यंत वेळ धरावा. तुम्ही बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्ही केलंय, तर दोन्हींच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं एकत्र ठेवा. दीक्षान्त समारंभाला न गेल्यामुळे पदवी प्रमाणपत्र काढलेलंच नाही, आहे ते फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र, असं बऱ्याच जणांचं असतं. विद्यापीठात अर्ज करून ते हातात यायला वेळ लागतो.

पदवी जुळली की तीन दारं आहेत. नोकरीचा करार आधी हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांसाठीचा कामाचा परवाना. त्यासाठी वार्षिक एकूण पगाराची किमान अट असते. २०२५ मध्ये ती ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० आहे. टंचाईच्या व्यवसायांना आणि अलीकडेच पदवी घेतलेल्यांना ती कमी आहे, पण अकाउंट्स सहसा त्या यादीत बसत नाही. पगार त्याखाली असला तरी निराश होऊ नका. पदवीधर कुशल कामगार म्हणून साधा परवाना मिळतो, फक्त पगार त्याच कामाच्या स्थानिक पगाराएवढा आहे हे तिथलं रोजगार खातं तपासतं. तिसरं दार म्हणजे चान्सनकार्टे, म्हणजेच संधी कार्ड. जून २०२४ पासून सुरू झालेलं हे कार्ड नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत मिळतं. त्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं आणि एखाद्या ठिकाणी दोन आठवडे चाचणी म्हणून काम करून बघता येतं.

पदवी पूर्ण जुळत असेल तर संधी कार्डासाठी गुण मोजावे लागत नाहीत. ती तितकी जुळली नाही तर किमान सहा गुण लागतात. शिवाय पदवी भारतात सरकारमान्य असणं आणि जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ ही किमान अट असतेच (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात). तुमचे गुण मोजून बघू. वय ३५ च्या आत, म्हणून २. गेल्या सात वर्षांत शिक्षणाशी संबंधित किमान पाच वर्षांचा अनुभव, म्हणून ३. झाले ५. एक कमी पडतो. तो इंग्रजी सी१ ने मिळतो किंवा जर्मन ए२ ने. जर्मन बी१ असेल तर दोन मिळतात. इंग्रजीची परीक्षा देऊन लवकर मोकळं व्हायचा मोह होईल, पण जो वेळ घालवायचा तो जर्मनवर घाला. कारण तुमच्या व्यवसायाचं गणित वेगळं आहे.

अकाउंट्सचं काम भाषेत रुतलेलं असतं. जर्मन कंपनीची पुस्तकं जर्मन व्यापारी कायद्याप्रमाणे, जर्मनमध्ये लिहिलेली. करसल्लागाराच्या ऑफिसात बी२ शिवाय कोणी दारात उभं करणार नाही. इंग्रजीवर चालणारी कामं आहेत: बहुराष्ट्रीय कंपन्यांची सामायिक वित्त केंद्रं, आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकांनुसार अहवाल, एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरच्या वित्त विभागाची अंमलबजावणी. पण ती फ्रँकफुर्ट, म्युनिक, बर्लिन अशा शहरांत जास्त, लाइपझिगला कमी. म्हणून ‘जवळ राहणं’ याचा अर्थ एकाच घरात राहणं असाच धरू नका. लाइपझिग ते बर्लिन वेगवान आयसीई गाडीने सव्वा तासाच्या आसपास. नोकरी बर्लिनला, आठवड्याचे दोन दिवस घरून काम, शनिवार-रविवार लाइपझिग, हे पहिल्या वर्षाला अगदी बरं गणित आहे. फक्त महिन्याचं डॉइचलांड-टिकीट, २०२६ मध्ये ६३ युरोंचं, आयसीईला चालत नाही. ते प्रादेशिक गाड्यांना चालतं आणि त्यांना जवळपास दुप्पट वेळ लागतो.

सीव्हीमध्ये ‘टॅली, जीएसटी, टीडीएस’ हे पहिल्या ओळीत असेल तर ते खाली न्या. तिकडच्या माणसाला त्यातून काही बोध होत नाही. किती कंपन्यांचे महिनाअखेरचे हिशेब किती दिवसांत बंद करता, कुठली प्रणाली वापरता, ऑडिटला कोणाशी बोलता, हे लिहा. मागच्या नोकऱ्यांच्या अनुभवपत्रात कामाचं स्वरूप आणि तारखा हव्यात. आपल्याकडचं ‘त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा’ छापाचं दोन ओळींचं पत्र संधी कार्डाच्या गुणांसाठी कमी पडतं. राजीनामा देण्याआधी एचआरकडून सविस्तर पत्र लिहून घ्या, नंतर तिथे ओळखीचं कोणी उरत नाही.

भाषेच्या वेळेचा अंदाज: ए१ ला साधारण ८० ते २००, बी१ पर्यंत एकूण ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका, ४५ मिनिटांच्या. म्हणजे नोकरी करत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बी१ ला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. मॅक्समुल्लर भवन पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे आहे. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, तेव्हा परीक्षेची तारीख आधी आणि तिकिटाची तारीख नंतर. ए१ च्या बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची आणि नावाचं स्पेलिंग सांगायचं असतं. इथे हसण्यावारी नेणारे अडकतात. ‘जाधव’ या आडनावाची अक्षरं जर्मनमध्ये योट, आ, डे, हा, आ, फाउ अशी सांगावी लागतात. तुम्ही सवयीने ‘जे’ आणि ‘व्ही’ म्हणालात तर समोरचा भलतंच लिहून घेईल. पुढे बँकेत, दवाखान्यात, फोनवर हे रोज लागणार आहे. आणि तिथे तुम्हाला ‘याडहाफ’ म्हणून हाक मारतील, तेव्हा वळून बघायची तयारी ठेवा.

पैशाची बाजू. संधी कार्डासाठी २०२५ च्या हिशेबाने दरमहा १,०९१ युरो दाखवावे लागतात, म्हणजे वर्षाचे १३,०९२. ते बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात, तिथून दरमहा ठरलेली रक्कम सुटते. युरोला शंभर रुपये धरले तर ही रक्कम १३ लाख ९ हजारांच्या घरात जाते. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे वरच्या ३ लाख ९ हजारांवर सुमारे ६२ हजार. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण ऐन निघायच्या वेळी तेवढी रोकड अडकते. काही रक्कम ३१ मार्चच्या आधी आणि उरलेली नंतर पाठवली तर हे टळतं. मर्यादा पॅनवर मोजली जाते, वेगवेगळ्या बँकांतून पाठवून काही होत नाही.

ब्लॉक्ड अकाउंटऐवजी जोडीदार हमीपत्र देऊ शकतो. त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, पगाराच्या पावत्या दाखवून ते करतात. फी २९ युरो. ते स्वस्तात पडतं म्हणून पटकन सही करू नका. त्या सहीने तुमचा सरकारवर पडणारा खर्च पाच वर्षांपर्यंत त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. नातं तुटलं म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही. पैसे तुमच्याकडे असतील तर स्वतःचेच दाखवा.

आता लग्नाचा मार्ग. तो वाईट नाही. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला परवाना मिळाला की पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. पगाराची अट नाही आणि सर्वसाधारणपणे त्याचं उत्पन्नही आड येत नाही. अडचण कागदांत आहे.

लग्न भारतात करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. तुम्ही पुण्यात आहात म्हणजे ती अट झाली. मग नोटिशीचे ३० दिवस, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह. नोटीस तीन महिने चालते, त्यामुळे त्याच्या रजेच्या तारखा त्यात बसवा. त्याला जर्मनीहून तो लग्नास मोकळा असल्याचं प्रमाणपत्र आणावं लागेल. विवाह अधिकाऱ्याला नेमके कोणते कागद चालतात हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा, कार्यालयागणिक थोडा फरक पडतो. आणि घरच्यांच्या सांगण्यावरून आळंदीला जाऊन तासाभरात लग्न उरकायच्या फंदात पडू नका. हिंदू विवाह कायद्याखाली दोघंही हिंदू असावे लागतात. तो ख्रिश्चन किंवा निधर्मी असेल तर ते प्रमाणपत्र पुढे तुमच्याच गळ्यात येतं. मंगलाष्टकं, अक्षता, जेवणावळी हवं ते करा, पण कागदावरचं लग्न विशेष विवाह कायद्याचं असू द्या.

जर्मनीत करायचं तर तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाला, म्हणजे श्टांडेसआम्टला, तुमचा जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा लागतो. जर्मन कायद्याला हवं तसं विवाहक्षमतेचं प्रमाणपत्र भारत देत नाही. म्हणून तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाकडून त्यातून सूट घ्यावी लागते, अर्ज श्टांडेसआम्टमार्फतच जातो. त्यात एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. एजंट सांगतात ‘सगळ्याला अपोस्टिल मारून घ्या’, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का. भारत अपोस्टिल करारात आहे, पण भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे लागू होत नाही. त्याऐवजी जर्मन कार्यालय दूतावासामार्फत तुमचे दाखले तपासून घेतं. दूतावासाचा वकील थेट महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मूळ रजिस्टर बघतो. खर्च तुमचा, वेळ काही महिन्यांचा. लग्नाची तिथली नोंदणी मंजूर झाल्यावर सहा महिनेच टिकते. त्या सहा महिन्यांत व्हिसाही हातात यायला हवा. म्हणून ए१ चं प्रमाणपत्र तयार नसताना नोंदणीची घाई केली की ती मुदत संपून सगळं पुन्हा करावं लागतं.

आपल्याकडचे दाखले कुठे अडकतात? नावात. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, फक्त आईवडिलांची नावं. कुठे आईचं माहेरचं नाव, कुठे सासरचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. आधी महापालिकेत अर्ज करून जन्मदाखल्यात नाव घालून घ्या, तो मराठी-इंग्रजी असा घ्या, आणि मग बाकीचं. आणखी एक गोष्ट मराठी माणसांना हमखास भोवते: पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. जर्मनीत ते तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. तिथल्या प्रत्येक पत्रावर, कार्डावर तुम्ही ‘स्नेहा विठ्ठल’ होणार. त्याला इलाज नाही, पण विमान तिकीट, करार, बँक सगळीकडे तेच पूर्ण नाव वापरा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर परवाना हातात येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका.

डेन्मार्कचा पर्याय लोकप्रिय आहे: कागद कमी, आणि ते लग्न जर्मनीत मान्य होतं. पण शेंगेन व्हिसावर डेन्मार्कला लग्न करून जर्मनीत परतलं की तिथेच परवाना मिळतो, हा समज चुकीचा आहे. जर्मन न्यायालयांनी शेवटचा प्रवेश धरायचा असं म्हटलंय. तुमचा शेवटचा प्रवेश लग्नानंतरचा, म्हणजे हक्क प्रवेशाआधीच निर्माण झालेला, आणि तिथेच परवाना मिळायची सवलत प्रवेशानंतर निर्माण झालेल्या हक्कालाच आहे. त्यामुळे भारतात येऊन कुटुंब-एकत्रीकरणाचा व्हिसा घ्यायची तयारी ठेवूनच तिकडे जावं.

इथे ‘स्वतःचा आधार’ का म्हणतोय ते सांगतो. संधी कार्डावर किंवा ब्लू कार्डावर तुम्ही तिथे असाल आणि मग लग्न केलंत, तर परवाना जर्मनीतच बदलून मिळतो, त्यासाठी भारतात परतावं लागत नाही. उलट, लग्नाच्या परवान्यावर गेलात आणि नातं टिकलं नाही, तर जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झालेला असल्याशिवाय स्वतंत्र परवान्याचा हक्क साधारणपणे मिळत नाही. मारहाण, छळ यासारख्या कठीण प्रसंगात अपवाद आहे. जर्मनीतली महिलांसाठीची मोफत मदतवाहिनी ११६ ०१६, दिवसरात्र चालते. दोघंही भले असले तरी ‘मी भांडले तर माझा परवाना जाईल’ ही जाणीव घरात असणं चांगलं नाही. ब्लू कार्डावर कायम वास्तव्य २७ महिन्यांत, बी१ असेल तर २१ महिन्यांत मिळू शकतं. जर्मन नागरिकाशी लग्नाच्या आधारावर तेच तीन वर्षांनी. नागरिकत्व घ्यायचं ठरलं तर भारताचं सोडावं लागतं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड.

तेव्हा तुमच्या बाबतीत: ॲनाबिन या आठवड्यात, जन्मदाखला आणि अनुभवपत्रं या महिन्यात, जर्मन वर्ग लगेच, मधे सलग दीड-दोन महिने शेंगेनवर लाइपझिग. ए२-बी१ च्या सुमारास अर्ज सुरू करा. करार मिळाला तर ब्लू कार्ड किंवा साधा कामाचा परवाना, नाही मिळाला तर संधी कार्ड. राजीनामा व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यानंतर. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर प्रवासाच्या तारखेबद्दल अर्जातच जरा पुढची तारीख मागा.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. जोडीदार स्वतः भाड्याने राहत असेल तर लग्नाआधी तुम्हाला घरात घ्यायला मालकाची परवानगी लागते, ती तुम्ही निघायच्या आधी त्याने घेऊन ठेवावी. नंतर टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो, आणि तुमचा करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड सगळं टपालानेच येणार असतं. त्याच्या आडनावाखाली कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते.

आरोग्यविमा सरकारी योजनेत पगाराच्या साधारण साडेसतरा टक्के, निम्मा नोकरी देणारी कंपनी भरते. अविवाहित जोडीदार दुसऱ्याच्या विम्यात बसत नाही, पत्नी उत्पन्न नसेल तर बसते. संधी कार्डावर असताना स्वतःचा खासगी विमा घ्यावा लागतो, त्यात आधीचे आजार वगळलेले असतात हे वाचून घ्या. ५०,७०० च्या पगारातून अविवाहित माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,६०० ते २,८०० पडतात. भाड्याच्या जाहिरातीतलं ‘थंड’ (काल्ट), म्हणजे नुसतं, भाडं आणि हीटिंग-पाण्यासह भाडं हे दोन वेगळे आकडे असतात, अनामत ‘थंड’ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत.

परवाना नूतनीकरणाला कार्यालयाची वेळ मिळत नाही, ही सर्वत्र तक्रार आहे. मुदत संपायच्या आत अर्ज केला तर तात्पुरता कागद देतात. त्यावर चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१ उपकलम ४ वर खूण असेल तरच त्यावर भारतात येऊन परत जाता येतं. घरी अचानक काही झालं आणि रात्रीचं विमान धरायचं, तर ती चौकट आधी बघा.

निघाल्यावर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करायचं. पीपीएफ चालू असेल तर मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी लगेच काढून टाकू नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. जर्मन पेन्शनला किमान ६० महिने लागतात आणि ते मोजताना इथली वर्षं जोडता येतात.

तुमची पदवी ॲनाबिनमध्ये नेमकी कशी दिसते ते पाहून इथेच लिहा. बी.कॉम. तीन वर्षांचं आणि एम.कॉम. बाहेरून केलेलं असेल तर तेही सांगा, कारण त्यावर संधी कार्डाला गुण लागतील की नाही हे ठरेल.